आभाळाचा निरंक अहवाल

प्रिय मंजू,

पत्र पाहून घाबरू नको. ताप नाही, हातपाय धड आहेत, घर जागेवर आहे आणि मीही जागेवर आहे. हातात फोन असताना आईनं कागद-पेन कशाला काढला, ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायचीच नाहीस. लहानपणी धड्याखालचे प्रश्न आधी वाचून धडा सोडून देणारी तू! पोस्टानं टाकलं तर जर्मनीला पोचेपर्यंत तुमचा नाताळ उजाडेल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवते आहे. मध्ये कुठे माझा अंगठा आला असेल तर त्याच्याखाली काही महत्त्वाचं नव्हतं असं समज.

आधी गेल्या रविवारचं बोलू. तू म्हणालीस की मार्चमध्ये तुझी तिथली मुदत संपते आहे, तुझ्या मॅडमनी आणखी तीन वर्षं राहा म्हणून विचारलं आहे, आणि या महिन्याच्या शेवटापर्यंत त्यांना हो किंवा नाही कळवायचं आहे. आणि तू 'नाही' कळवणार. परत येणार, गोंदियाच्या नाहीतर नागपूरच्या एखाद्या कॉलेजात शिकवणार, माझ्याजवळ राहणार. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी 'ये' म्हटलं. तू पुढे काहीतरी समजावत होतीस, मला काही ऐकू येत नव्हतं. फोन ठेवला आणि या वयात नाचायचंच तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्याच दिवशी तुझी खोली काढायला घेतली. त्या खोलीचं काय झालं होतं ते तुला सांगितलं नव्हतं. तुझे बाबा गेल्यावर दुकानातलं उरलेलं सामान तिथेच आणून टाकलं होतं, तराजू, डबे, बरण्या, आणि वरून धानाची पोती. आपली जमीन ठेक्यानं करतो तो केवळराम पोती उचलायला आला. त्यानं विचारलं, बाई, पाहुणे येऊन राहिले का? मी म्हटलं, पाहुणे नाही, मालकीण येते आहे. चुना मारून घेतला. मच्छरदाणी नवी आणली. तुझ्या टेबलाचा पाय डुगडुगत होता, तो ठोकून घेतला. चार दिवस मी अशी फिरत होते की सुशिलाबाईनं कंपाउंडवरून विचारलं, काय वो, मंजूचं लग्न काढलं का? तिला म्हटलं, माझ्या तोंडून ते ऐकायची तुझी इच्छा या जन्मी काही पुरी होत नाही.

तू परत का येते आहेस हे मला माहीत आहे. पोळ्यानंतर मला ताप आला त्यामुळे. मी तुला सांगितलं नव्हतं, टिंकूनं सांगितलं. तुझ्या काकाच्या या पोराच्या पोटात तीळ भिजत नाही. तापाचं खरं ते आता लिहून टाकते. पहिल्या दिवशी वाटलं उतरेल. दुसऱ्या दिवशी उठून पाणी घ्यायचं म्हटलं तर मडक्यापर्यंत जाववेना. तिसऱ्या दिवशी सुशिलाबाई विरजण मागायला आली म्हणून तिला कळलं. विरजण नसतं लागलं तर? हाच विचार तू तिथे बसून करत असशील. मीही केला. आता आमचं ठरलं आहे. सकाळी ती कंपाउंडवरून हाक मारते, मी 'हो' म्हणते. 'हो' आलं नाही तर तिनं मागच्या दारानं आत यायचं. एकदा मी आंघोळीला होते तर ही बाई नवऱ्याला घेऊन थेट अंगणात! लाज नको वाटायला? पण ठीक आहे, हाक तरी असते.

एकटं वाटतं, मंजू. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारायचीस आणि मी म्हणायचे, छे, मला काय धाड भरली आहे. आज लिहिते आहे. घर खायला उठतं. एका माणसाचा भात मला अजून मांडता येत नाही, दरवेळी उरतो आणि मग तोच संध्याकाळी खायचा. टीव्ही बघत नाही पण लावून ठेवते, कुणीतरी बोलत असलेलं बरं. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं दिवसभर डोक्यावरून घिरट्या घालतात. पूर्वी त्या आवाजाचा मला वैताग यायचा. आता धुकं असलं आणि विमान उडालं नाही तर मला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. दुपार सगळ्यात वाईट. रात्रीला झोप तरी येते, दुपारला काहीच येत नाही.

अंगणवाडी होती तोवर हे कळलं नाही. नोकरी असताना मी रिटायर कधी होते याची वाट बघायचे, हे तुला आठवत असेल. रजिस्टरं, वजनं, खिचडी, वरून सुपरवायझर मॅडमची तपासणी, आणि वीस पोरं एकदम रडायला लागली की देवा सोडव असं व्हायचं. सुटले. मग एके दिवशी दहा वाजता पायात चपला घातल्या आणि चालत अंगणवाडीत जाऊन पोचले. सवयीनं पाय गेले म्हणावं तर तसंही नाही, मला ठाऊक होतं मी कुठे जाते आहे. चंदा म्हणून नवीन सेविका आली आहे, चांगली पोरगी. तिनं मला खुर्ची दिली, चहा आणला. पाहुण्या बाईला देतात तसा. पोरांनी मला नमस्ते केलं आणि परत आपापल्या खेळाला लागली. त्यातल्या निम्म्यांच्या आया माझ्या हातची खिचडी खाऊन वाढल्या. चहा पिऊन मी आले. त्यानंतर गेले नाही.

तर, तुझा तारा. बाबांच्या तेरवीला तू आलीस, महिनाभर राहिलीस, आणि एका संध्याकाळी अंगणात खाट टाकून बसलो होतो तेव्हा मी तुला पहिल्यांदा विचारलं होतं, बाई गं, तू तिथे नेमकं करतेस काय? तोवर मी लोकांना 'मोठं संशोधन' एवढंच सांगून वेळ मारून न्यायचे. तू म्हणालीस, मोठा तारा मरतो तेव्हा बाहेरचं सगळं उधळून जातं आणि आतलं दाबून दाबून एवढंसं होतं, की गोंदियाहून निघालं तर तिरोडा यायच्या आत तारा संपला. वजन मात्र आख्ख्या सूर्याहून जास्त. आणि असा तो गरगर फिरत असतो, काही काही तर सेकंदाला शेकडो वेळा. मी म्हटलं, फिरू दे, आपल्याला काय त्रास आहे? तू म्हणालीस, आई, तो मंदावतो. समोर फत्तूच्या आटाचक्कीची लाईट तेवढ्यात गेली होती, आणि पट्टा फटफट करत हळू होत होता. तू तिकडे बोट दाखवलंस. तसंच, पण लाखो वर्षं लावून. त्याची फिरकी जाते कुठे, हा तुमचा प्रश्न. बरीचशी त्याच्या चुंबकापायी जाते, पण थोडीशी कदाचित आजूबाजूच्या अवकाशालाच हलवण्यात जाते, आणि त्या गुरुत्वीय लहरी सगळीकडे पसरत आपल्या अंगणातूनही जातात. मी पायाखाली बघितलं होतं, आणि तू हसली होतीस. तेरवीनंतर तू पहिल्यांदा हसलीस ती तेव्हा.

आणि लहर उठायला काय लागतं? तारा अगदी वाटोळा असेल तर उठत नाही. कुठेतरी उंचवटा हवा. तुम्ही त्याला डोंगर म्हणता. डोंगर केवढा विचारलं तर तू म्हणालीस, तांदळाच्या कणीहून कमी. मला वाटलं थट्टा करतेस. सूर्याहून जड तारा आणि त्यावर कणीएवढा डोंगर, आणि माझी पोरगी जर्मनीत बसून तो शोधते! दोन तारे एकमेकांवर आदळले तर त्याचा धक्का कळतो, तो कळला आहे, जगभर गाजलं. पण एकटा तारा, कुणावर न आदळता, आपल्या आपण फिरता फिरता मंद होणारा, त्याची लहर अजून कुणालाच ऐकू आलेली नाही. आणि तुमची ऐकायची यंत्रं इतकी हळवी की दूरच्या समुद्राची लाटही त्यात येते आणि रस्त्यावरचा ट्रकही. कोहमाऱ्याच्या चौकात नेऊन ठेवली तर ढाब्यावरच्या ट्रकांशिवाय जन्मात काही कळायचं नाही. हिंगोलीकडे तसंच एक यंत्र बांधतायत म्हणालीस तेव्हा माझे कान टवकारले होते, पण त्याला अजून वेळ आहे असं तूच सांगितलंस.

त्या संध्याकाळी मी विचारलं, मग तुला काय सापडलं? तू म्हणालीस, काही नाही. मी म्हटलं, म्हणजे इतकी वर्षं? तू म्हणालीस, इतकी वर्षं. पण काही नाही हेही छापतो आम्ही, की इतकं इतकं नीट ऐकलं, ऐकू आलं नाही, म्हणजे या ताऱ्यावर अमक्याहून मोठा डोंगर नाही हे आता नक्की. तेव्हा मला एकदम कळलं. बाकीचं कळलं नाही, पण हे अगदी कळलं. हे आमचं निरंक आहे! आम्ही कुष्ठरोगाच्या सर्व्हेला जायचो, आठवतं? घरोघर जाऊन पाठी, दंड, पाय बघायचे, चट्टा आहे का, सुई टोचलेली कळते का. आख्खं टोलं, वस्तीतलं घरन् घर फिरून एकही रोगी नाही मिळाला तरी अहवाल जायचाच, त्यावर मोठ्या अक्षरात 'निरंक'. तो नाही पाठवला तर वरचे म्हणायचे, बाई घरी झोपली होती. आणि निरंक लिहायला पण प्रत्येक दारात जावंच लागतं, उन्हात, कुत्र्यांच्या तोंडी लागून. एखाद्या घरात तर म्हातारी अंगाला हात लावू देत नाही, तिला तासभर समजवावं लागतं. तेही सगळं त्या एका शब्दात. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस की आमच्या इथे इतकं सोपं करून कुणाला सांगता येत नाही. मला फार बरं वाटलं होतं, पण मी दाखवलं नाही.

आता परवाची मंडईची जत्रा. यंदा धानाची कापणी लांबली म्हणून आपल्या गावची मंडईही मागे गेली. घरोघरी पाहुणे, दुपारभर दंडारीचं नाटक, पाळणे, भज्यांचा वास, सगळं नेहमीसारखं. माझ्याकडे पाहुणे नव्हते. सकाळी भाजी आणायला बसस्टँडवर गेले आणि बघते तर काय, चौकात हा एवढा फ्लेक्स. मध्यभागी तुझा फोटो, तो कॉलेजातला, तेल लावून वेणी घातलेला, आणि तुझ्याभोवती गावातल्या बारा-तेरा शुभेच्छुकांची तोंडं, तुझ्याहून मोठी. वर लिहिलेलं, 'आपल्या गावची कन्या डॉ. मंजू हिने नवीन ताऱ्याचा शोध लावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली टिंकूच्या गोंदियाच्या दुकानाचं नाव. मी कपाळावर हात मारला. भाजी राहिली बाजूला, तशीच टिंकूच्या घरी, इंद्रकुमारकाकाकडे गेले. टिंकूला म्हटलं, कोणता तारा रे? कुणी शोधला? त्यानं तुझा तो छापून आलेला लेख फोनवर पाहिला होता, तुझं नाव दिसलं, ताऱ्याचं नाव दिसलं, झालं. वर मलाच म्हणतो, "मोठी माय, छापून आलं ना वो? काही सापडल्याबिगर कोन छापते?" फुकट छापला होता त्यानं तो फ्लेक्स, स्वतःच्या हौसेनं. त्या पोराला आणखी काय बोलणार?

फ्लेक्सवर भागलं असतं तर मी गप्प बसले असते. पण दुपारी दंडार थांबवली, माईकवर माझं नाव पुकारलं आणि मंडई समितीचे अध्यक्ष चुन्नीलालभाऊ शाल-नारळ घेऊन उभे. तुझ्या गैरहजेरीत सत्कार आईचा. मला आमच्या जुन्या सेविका नंदाबाईनं मागून ढकललं नसतं तर मी गेले नसते. शाल अंगावर घातली, टाळ्या झाल्या, आणि भाऊंनी माझ्या हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणून. समोर आख्खं गाव, आणि पाहुणे, आणि झाडाखाली बसलेल्या आम्ही सगळ्या जुन्या सेविका-आशा. मला धन्यवाद म्हणून उतरता आलं असतं. पण तुझ्या नावावर खोटं चढत होतं आणि शाल माझ्या अंगावर होती. मी म्हटलं, "माझ्या पोरीला तारा सापडला नाही. तारे होतेच. त्यातल्या मंदावणाऱ्या ताऱ्याची लहर ती ऐकून राहिली, सहा वर्षं झाली, आणि निरंक आहे."

मागून कुणीतरी पोरगा फिसकन हसला. टिंकूचं तोंड बघवत नव्हतं. मग झाडाखालून आमच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाच तेवढं कळलं, निरंक म्हणजे किती चालणं असतं ते. बाकीच्यांनी मग त्यांचं बघून वाजवल्या. चुन्नीलालभाऊ चांगला माणूस, त्यांना माझी अडचण झाली असं वाटलं, त्यांनी सावरायला म्हणून माईकमध्ये विचारलं, "वहिनी, मंग आता का करून राहिली पोरगी?"

"शोधून राहिली," मी म्हटलं. "थांबली नाही."

हे कुठून आलं ते मला माहीत नाही. चार दिवस तुझी खोली रंगवत होते मी. तुझी मच्छरदाणी बांधून झाली होती. आणि आख्ख्या गावासमोर, कुणी जोर केलेला नसताना, मी ठासून सांगितलं की माझी पोरगी थांबलेली नाही, आणि ते सांगताना मला फार अभिमान वाटला. खाली उतरले तर अनुसयाबाई काठी टेकत आली. सर्व्हेला आम्ही दोघी जोडीनं फिरायचो. आता तिला नीट दिसत नाही. माझा हात धरून म्हणाली, "बरं केलं वो शामकला. निरंक तं निरंक. आपुन कधी खोटं लिवलं का?" घरी आले, शाल घडी करून ठेवली, नारळ देवाजवळ ठेवला, आणि तुझ्या रंगवलेल्या खोलीत जाऊन बसले. एक गोष्ट खरी सांगितली आणि तिच्या मागोमाग दुसरी खोटी. आणि दुसरी खोटी पडते आहे ती कुणामुळे? माझ्यामुळे. माझ्या एका तापामुळे.

तेव्हापासून दोन दिवस मी माझ्याशीच भांडते आहे. माझ्या बाजूचं पण ऐक, मी काही संत नाही. मी म्हणते, तारा कुठे पळून चालला आहे? तो लाखो वर्षं फिरणार आहे. मंजूची मॅडम नाही तर दुसरी कुणी ऐकेल. आई तेवढी फिरायची नाही. सरळ हिशेब केला तर पोरीनं आईकडेच यायला पाहिजे, आणि यात कुणी चूक काढून दाखवावी. मला अजूनही त्यात चूक दिसत नाही. पण तेरवीला आली होतीस तो महिना मला आठवतो. दिवसभर माझ्यापाशी बसायचीस, भाजी निवडायचीस, आल्यागेल्याला पाणी द्यायचीस, सगळं करायचीस. आणि दिवसाआड गोंदियाला जायचीस, आपल्याकडे नेट येत नव्हतं म्हणून. तिथून परत आलीस की पायरीवरच मला कळायचं, आज काहीतरी नवीन आलं की नाही ते. तुझा चेहरा त्या दिवसात तेवढाच जिवंत असायचा, पायरीवरचा. आत येईपर्यंत परत बाप मेलेल्या पोरीचा होऊन जायचा. मी आई आहे, मला दोन्ही चेहरे ओळखू येतात.

तू इथे आलीस तर काय होईल, मी बघू शकते. पहिले दोन महिने मज्जा. मी तुला रोज काही ना काही करून घालीन. मग तू कॉलेजात पोरांना तेच ते शिकवून येशील, आणि संध्याकाळी अंगणात बसशील, आणि तुझ्या मैत्रिणीचा फोन येईल की यंत्रांनी गेली दोन वर्षं ऐकलेली नवी माहिती, जी अजून कुणी धड चाळलेली नाही, तिच्यात आम्ही कुठवर पोचलो. तू म्हणशील, वा, छान. आणि फोन खाली ठेवशील. मी तुझ्याकडे बघेन आणि तू माझ्याकडे. मग या घरात दोन एकट्या बाया होतील. एक आहे ती पुरे.

माझी सोय काय, असं विचारशील. सोय नाही. मी तुला खोटा धीर देणार नाही की मी भजनी मंडळात जाईन, पापड लाटीन, मला दिवस पुरत नाहीत. मला दिवस पुरून उरतात. सुशिलाबाईची सकाळची हाक आहे, टिंकू आता आठवड्यातून दोनदा येतो, फ्लेक्सपासून त्याला माझी भीती वाटते की दया येते ते कळत नाही. आणि तुझा रविवार आहे. एवढ्यात भागवावं लागेल. भागेलच असं नाही, पण भागवीन. उन्हाळ्यात महिनाभर ये. आंब्याला यंदा मोहर येईल असं केवळराम म्हणतो, आणि खोली रंगवलेलीच आहे, मच्छर काही जर्मनीचं डॉक्टरपण बघून चावायचं थांबत नाहीत. पण महिनाभरच ये. आणि जाताना रडायचं नाही, मी रडेन, एकीनं रडलं की बस झालं.

आता कागद का काढला ते सांगते. परवा रात्रीपासून तीनदा फोन हातात घेतला, तुला सांगायला, की नको येऊस, मॅडमला हो कळव. तीनही वेळा ठेवून दिला. कारण मला माहीत आहे, तू 'आई' म्हटलंस की माझ्या तोंडून 'ये'च निघणार. हे मी कागदावरच लिहू शकते, इथे तुझा आवाज नाही. तू रविवारी फोन करशील आणि या पत्राचं विचारशील. तेव्हा मी म्हणेन, अगं ते असंच लिहिलं होतं, त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, तू ये. रडेन सुद्धा. अजून कुठे काही दुखतं आहे असंही सांगेन, माझा काही भरवसा नाही. त्यातलं एक अक्षर ऐकू नको, मंजू. म्हणून फोन करायच्या आधीच, आज शनिवारीच, मॅडमला 'हो' कळवून टाक.

तुझीच,
पत्रातली आई